टर्बो पिकअप सुटताना घसरते, उड्या मारते, आणि वर गेल्यावर बूस्ट पडतो: शोध कुठून सुरू करायचा

तक्रार बहुतेक एकाच साच्याची असते. अडीच लिटरच्या आसपासची कॉमन रेल डिझेल पिकअप, मागे पाटे (लीफ स्प्रिंग), मोठा टर्बो किंवा नुसता रिमॅप (इंजिनच्या संगणकातले, म्हणजे ईसीयूमधले, आकडे बदलणं), डॅशबोर्डवर बूस्टचं, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेच्या दाबाचं, घड्याळ. ड्रॅग रेसला, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या ४०२ मीटर (पाव मैल) धावेला, हिरवा दिवा लागला की मागची चाकं जागेवर फिरतात, मग मागचा भाग धडधड उड्या मारतो, ड्रायव्हर पाय काढतो, बूस्ट खाली येतो आणि पुन्हा भरेपर्यंत शेजारची साधी सेडान निघून गेलेली असते. गॅरेजमधून सल्ला येतो, "बूस्ट थोडा वाढवू." पुढच्या वेळी तीच तक्रार, सोबत क्लचचा वास.

नाशिकात पिकअपची काही कमी नाही. द्राक्षं, कांदा, टोमॅटो सगळं तिच्याच पाठीवर जातं, त्यामुळे पाट्यांवर हात बसलेले मिस्त्रीही इथे मिळतात. अडचण एवढीच, की त्यांचं सगळं गणित भरलेल्या गाडीचं असतं. माल घेऊन कसारा घाट चढणारी गाडी आणि रिकाम्या हौद्याने ४०२ मीटर सुटणारी गाडी यांची दुखणी अगदी उलटी आहेत. घाटात वजन जास्त आणि ताकद कमी पडते. ड्रॅगला ताकद जास्त आणि मागच्या चाकांवर वजनच नसतं.

आधी वेळेची चिठ्ठी वाचा

धावेनंतर मिळणाऱ्या या चिठ्ठीवर आकडे बरेच असतात, निदानाला दोन पुरतात. पहिल्या ६० फुटांचा, म्हणजे १८.३ मीटरचा वेळ, आणि शेवटची रेषा ओलांडतानाचा वेग. पहिला पकड सांगतो, दुसरा ताकद. दर धावेला ६० फुटांचा वेळ वाईट येतोय पण शेवटचा वेग आधीपेक्षा वाढलाय, तर टर्बोला हात लावू नका. इंजिन ठीक आहे, गोंधळ मागच्या एक्सलवर आहे. उलट ६० फूट बरे आणि शेवटचा वेग पडलेला, तर हवा किंवा डिझेल कमी पडतंय. दोन्ही वाईट असतील तर पकडीपासून सुरुवात करा, कारण चाक फिरत असताना काढलेला बूस्टचा लॉग फसवा असतो. सुरुवातीचा एक दशांश सेकंद वाचला तर पाव मैलाच्या टोकाला साधारण दीड-दोन दशांश वाचतात, म्हणून मेहनत इथे घालायची. रिअ‍ॅक्शन टाइम वेगळा छापतात. तो ड्रायव्हरचा हिशोब, धावेच्या वेळेत तो धरत नाहीत.

चिठ्ठी नसेल तर १० हर्ट्झचा जीपीएस बॉक्स लावा. फोनचा जीपीएस साधारण सेकंदाला एकदाच जागा सांगतो. १८ मीटर मोजायला तो निरुपयोगी.

पहिल्या गिअरला टॉर्क आधीच जास्त आहे

ही एक गोष्ट पटली की निम्मा खर्च वाचतो, म्हणून आकडे मांडून बघू. समजा गाडी ड्रायव्हरसह १८५० किलो आणि त्यातले मागच्या एक्सलवर ७७० किलो. टॉर्क ३२० न्यूटन-मीटर, म्हणजे इसुझू व्ही-क्रॉसच्या जुन्या अडीच लिटर इंजिनाला कंपनीने दिलेला आकडा. बाकीचे आकडे गोल धरू: पहिला गिअर ४.२, दुसरा २.३, डिफरन्शियल ४.१, चाकाची त्रिज्या ३७ सेंटिमीटर, आणि १० टक्के ताकद गिअरबॉक्स व एक्सलमध्ये गेली.

पहिल्या गिअरला पूर्ण टॉर्क आला तर टायर रस्त्याला सुमारे १३६५ किलोच्या जोराने ढकलतो. रस्ता किती धरेल? साध्या टायरची डांबरावरची पकड ०.८ धरा. सुटताना वजन थोडं मागे सरकतं, तेही मोजा: गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटर, व्हीलबेस ३ मीटर. उत्तर येतं साधारण ७५५ किलो. त्यापुढचा सगळा जोर धुरात जातो. म्हणजे पहिल्या गिअरला १८० न्यूटन-मीटरपेक्षा जास्त टॉर्क ही गाडी वापरूच शकत नाही, आणि तेवढा कंपनीच्या इंजिनात आधीपासून आहे. दुसऱ्या गिअरला ३२० न्यूटन-मीटरचे ७५० किलो होतात, म्हणजे काठावर बसतं. आता रिमॅप करून टॉर्क ४२० केला, की दुसऱ्यालाही ९८० किलो होतात आणि गाडी दुसऱ्यातही घसरते. "टर्बो लावल्यापासून दुसऱ्या गिअरलाही चाक फिरतं" ही तक्रार इथून येते. टर्बो बिघडलेला नसतो, तो नको तिथे काम करत असतो.

म्हणून मॅप करणाऱ्याकडे नुसता "पॉवर वाढव" म्हणून जाऊ नका. गिअरनुसार टॉर्कची मर्यादा मागा: पहिल्याला १८० ते २००, दुसऱ्याला ३०० ते ३२०, तिसऱ्यापासून पूर्ण. बॉशच्या कॉमन रेल ईसीयूमध्ये गिअरप्रमाणे टॉर्क मर्यादेची सोय असते, फक्त बहुतेक जण मॅप करताना सगळ्या गिअरच्या रकान्यात एकच मोठा आकडा भरून मोकळे होतात. एक खाच आहे. गाडी गिअर ओळखते ती वेग आणि आरपीएमच्या प्रमाणावरून, आणि क्लच अर्धा दाबलेला असताना ते प्रमाण कुठल्याच गिअरशी जुळत नाही. गिअर ओळखला गेला नाही तर पहिल्या गिअरचीच मर्यादा लागू राहील, असं मॅपमध्ये करून घ्या. नाहीतर नेमक्या सुटण्याच्या क्षणी पूर्ण टॉर्क मिळतो आणि पैसे देऊन केलेलं काम वाया जातं.

गाडी फोर बाय फोर असेल तर यातला बराच भाग वगळता येतो. ४एच मध्ये (चारही चाकांना जोर) सगळं १८५० किलो वजन पकडीला मिळतं, १३६५ किलोचा जोरही बसतो. पण मग घसरणारं चाक हा जो सुटकेचा मार्ग होता तो बंद होतो आणि मार क्लचवर व पुढच्या एक्सल शाफ्टवर जातो. पुढची चाकं सरळ ठेवूनच सुटा, आणि धाव संपली की वळण्याआधी २एच मध्ये (फक्त मागच्या चाकांना जोर) या. या गाड्यांत मध्ये डिफरन्शियल नसतो. कोरड्या डांबरावर ४एच मध्ये वळवलं की ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटणारी पेटी) ताण अडकून बसतो.

काट्यावर जा

मागचं वजन अंदाजाने धरू नका. पिंपळगाव, लासलगाव, ओझरकडे जाताना वजनकाटे सापडतातच. काटेवाल्याला सांगून तीन चिठ्ठ्या घ्या: फक्त पुढची चाकं काट्यावर, पूर्ण गाडी, फक्त मागची चाकं. ड्रायव्हर आत, टाकीत धावेला ठेवता तेवढंच डिझेल, हँडब्रेक सोडलेला, गाडी न्यूट्रलला. पुढचं आणि मागचं मिळून पूर्ण वजनाशी २० किलोच्या आत जुळलं पाहिजे. जुळलं नाही तर काट्यापुढची जमीन काट्याच्या पातळीत नाही. दुसरा काटा बघा. मोठ्या काट्यांची मोजपट्टी ५ किंवा १० किलोच्या टप्प्याने सरकते, म्हणून दोन-चार किलोंचा वाद तिथे सोडवता येत नाही.

मागे वजन टाकायचं तर एक्सलच्या मागे टाकलेलं जास्त कामाचं. १०० किलो एक्सलच्या ५० सेंटिमीटर मागे ठेवले, तर ३ मीटर व्हीलबेसला मागच्या चाकांवर ११७ किलो वाढतात आणि पुढच्यांवरून १७ उतरतात. वरच्या उदाहरणात पकड ७५५ वरून ८७० किलोवर जाते. एकूण वजन वाढूनही सुटण्याचा वेग सुमारे ९ टक्के सुधारतो. तिसऱ्या गिअरनंतर मात्र तेच १०० किलो ओझं होतं आणि तिथे पाच टक्के नुकसान आहे. म्हणून ४०-५० किलोंनी वाढवत जा आणि ६० फुटांचा वेळ सुधारायचा थांबला की तुम्हीही थांबा. १५० च्या पुढे क्वचितच काही मिळतं.

वाळूच्या गोण्या मोकळ्या टाकून जाऊ नका. तपासणीत अडवतील, आणि अडवलं पाहिजेच, कारण ब्रेक मारल्यावर ती गोणी केबिनची मागची काच शोधत येते. लोखंडी प्लेट हौद्यातून चॅसीच्या आडव्या पट्टीला १२ मिमीच्या बोल्टने आरपार आवळा. हौद्याच्या पत्र्याला नाही.

गाडी हलकी करायच्या नादात मागचा फाळका आणि स्टेपनी काढणारे बरेच भेटतात. ते मागचंच वजन आहे. काढायचंच तर पुढून काढा: बुलबार, विंच, डाव्या बाजूचं सीट.

उड्या: पाट्यांचं दुखणं

आधी हे नक्की करा, की गाडी घसरतेय की उड्या मारतेय. आतून दोन्ही सारखंच वाटतं. खाली उतरून रस्त्यावरचा काळा डाग बघा. सलग पट्टा असेल तर चाक नुसतं फिरलं. तुटक पट्टा, हातभर काळं, हातभर कोरं, असं दिसलं तर एक्सल उड्या मारतोय. घसरण्याने वेळ जातो, उड्यांनी गाडी मोडते: शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागे जोर नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, पिनियनचे (त्या शाफ्टकडून जोर घेणाऱ्या एक्सलमधल्या लहान गिअरचे) दात, मुख्य पाट्याचा डोळा (टोकाचं गोल कडं), याच क्रमाने बहुधा.

घडतं असं. इंजिनने चाक पुढे फिरवलं की एक्सलचं घर उलट दिशेने फिरू बघतं, पिनियनचं तोंड वर उचललं जातं. त्याला अडवायला फक्त पाटे असतात. जोर वाढला की पाटा बाजूने पाहिल्यास इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो, ताण साठवतो. टायर सुटला की पाटा झटक्यात सरळ होतो, टायर पुन्हा धरतो, पाटा पुन्हा वळतो. सेकंदात हे अनेकदा. खात्री करायची असेल तर फोन चॅसीला घट्ट बांधून पिनियनच्या तोंडाकडे रोखा, स्लो मोशन चालू करा आणि एकदा सुटून या. तोंड इंचभर वर जाऊन आदळताना दिसलं की निदान झालं.

नवं काही बसवण्याआधी जुनं तपासा. यू-बोल्ट टॉर्क रेंचने, गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला, गाडी चाकांवर उभी असताना. पाटे एकदा जरी सोडले असतील तर यू-बोल्ट नवे घ्या. ताणले गेलेले बोल्ट पुन्हा आवळले तरी धरून राहत नाहीत. नवे बसवल्यावर १०० किलोमीटरच्या आत पुन्हा आवळायचे, हे हमखास राहून जातं. मग मधला सेंटर बोल्ट. तो तुटला असेल तर एक्सल एका बाजूला मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकलेला दिसतो, पाट्यावर गंजाची जुनी रेघ आणि नवी जागा वेगळी दिसते. मुख्य पाट्याच्या डोळ्याजवळ वायर ब्रशने घासून केसासारखे तडे शोधा. शॅकलचे (पाट्याचं टोक चॅसीला झुलतं ठेवणाऱ्या दुव्याचे) रबर बुश पहारीने हलवून बघा. शॉकअ‍ॅब्सॉर्बर तेलकट झाला असेल तर दोन्ही बाजूंचे बदला. आणि गाडी उंच दिसावी म्हणून एक्सल आणि पाट्याच्या मध्ये ब्लॉक घातले असतील, तर ते आधी काढा. ब्लॉक जितका उंच तितका एक्सलला पाटा वळवायला लांब दांडा मिळतो. या एका ब्लॉकपायी लोकांनी तीन-तीन क्रॉस तोडलेत.

हे सगळं धड असूनही उड्या चालू असतील तर स्वस्तातला उपाय क्लिपांचा. पाट्यांच्या जुडग्याला पुढच्या अर्ध्या भागात, म्हणजे पुढचा डोळा ते एक्सल या अंतरात, दोन क्लिपा घट्ट आवळा. मागच्या अर्ध्या भागातल्या क्लिपा सैल ठेवा. पुढचा भाग एका दांड्यासारखा ताठ होतो आणि पिनियनला वर जाऊ देत नाही, मागचा भाग स्प्रिंगचं काम करत राहतो. उलट केलं, मागच्या भागात आवळलं, तर गाडी नुसती कडक होते.

जास्तीचा पाटा टाकून घेण्याचा सल्ला इथे हटकून मिळतो. तो मालाच्या गाडीला ठीक. रिकाम्या गाडीला मागचं टोक इतकं ताठ होतं की वजन मागे बसतच नाही, रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला टायर हवेत.

त्यानंतर ट्रॅक्शन बार, म्हणजे एक्सलला उलटं फिरू न देणारा दांडा. पाट्याखाली बांधायचा साधा बार असेल तर त्याच्या टोकाचा रबर स्नबर (ठोकळा) बरोबर पाट्याच्या पुढच्या डोळ्याखाली यायला हवा आणि गाडी उभी असताना दोघांत ६ ते १२ मिलिमीटर फट हवी. स्नबर डोळ्याच्या मागे, पाट्याच्या मधल्या भागाला टेकत असेल तर तो पाटाच मोडतो. लांब बार, एक टोक एक्सलला आणि दुसरं चॅसीला, हे जास्त चांगलं काम. पण पुढच्या टोकाला छोटा शॅकल हवा. बार दोन्हीकडे पक्का केला तर एक्सल वरखाली जाताना बार आणि पाटा वेगवेगळ्या वर्तुळात फिरतात, अडकतात, आणि शेवटी वेल्डिंग सुटतं. अंबड किंवा सातपूरला लेथ आणि वेल्डिंगची सोय आहे, बार स्थानिक बनवून घेता येतो. पाइप सीमलेसच घ्या, एक्सलच्या नळीला वेल्ड करताना थोडं थोडं, आलटून पालटून करा. एका दमात पूर्ण गोल वेल्ड मारला की नळी वाकते आणि मग मागचे बेअरिंग आणि ऑइल सील दर महिन्याला जातात.

बार लावल्यावर पिनियनचा कोन पुन्हा बघा. गाडी जमिनीवर, जॅकवर नाही. पिनियनचं तोंड शाफ्टच्या रेषेपेक्षा थोडं खाली झुकलेलं हवं: नुसते पाटे असतील तर सुमारे ५ अंश, चांगला बार असेल तर २ ते ३. जोर आला की ते उचललं जाऊन शाफ्टच्या रेषेत येतं. कोन बदलायला पाटा आणि एक्सलच्या बैठकीमध्ये टेपर पाचर मिळते. लोखंडी घ्या, अ‍ॅल्युमिनियमची चिरडते. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधल्या बेअरिंगचं रबरही दाबून बघा. ते फाटलं असलं तर कोन कितीही नीट लावा, सुटताना थरथर राहणार.

टायर

भाडं मारणाऱ्या गाडीच्या टायरमध्ये मालाच्या हिशोबाने भरपूर हवा असते. रिकाम्या गाडीला त्या हवेवर टायर फक्त मधल्या दोन बोटांवर चालतो. टायरवर आडवी, या कडेपासून त्या कडेपर्यंत खडूची रेघ ओढा, सरळ ५० मीटर चालवा, उतरून बघा. मधली रेघ गेली आणि कडांची राहिली तर हवा जास्त. दारावरच्या पट्टीवर रिकाम्या गाडीसाठी लिहिलेल्या आकड्यापासून सुरू करून २-२ पीएसआयने खाली या, दोन्ही बाजू सारख्या. साध्या रेडियलला २२ च्या खाली नेऊ नका. पुढे वेगात गाडी डोलायला लागते. धाव संपली की हवा भरल्याशिवाय हायवेला लागू नका.

बर्नआउटचा, म्हणजे चाक जागेवर फिरवून टायर तापवण्याचा, सोस साध्या टायरला करू नका. स्लिक (रेसच्या, खाचा नसलेल्या) टायरचं रबर तापून चिकट होतं, रस्त्याच्या टायरचं तापून तेलकट होतं. पाण्याच्या डबक्याला वळसा घालून जा, कारण टायरच्या खाचांत पाणी शिरलं की ते सुटण्याच्या जागेपर्यंत ठिबकत येतं. रेषेवर एक-दोन सेकंद चाक फिरवून धूळ झटकली की झालं. आपल्याकडे धावा बहुधा विमानाच्या धावपट्टीवर होतात, चिकट द्रावण मारलेल्या ट्रॅकवर नाही, म्हणून वरचा ०.८ हा आकडाही सकाळच्या धुळीत मिळेलच असं नाही.

आता बूस्ट

शेवटचा वेग पडतोय, तिसऱ्या-चौथ्याला गाडी दम टाकते, स्कॅनरवर पी०२९९ (बूस्ट कमी असल्याचा कोड) येतो. मिस्त्रीचं उत्तर तयार असतं: "टर्बो गेला." बऱ्याचदा टर्बो ठणठणीत असतो आणि होज गळत असतो.

आकडे वाचताना एक लक्षात ठेवा. मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणारा, रिमॅपच्या मॅपशी याचा संबंध नाही) एकूण दाब दाखवतो, घड्याळ वातावरणाच्या वरचा. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर, इथे वातावरणाचाच दाब ०.९४ बारच्या आसपास. स्कॅनरवर २.४ बार असेल तर घड्याळात १.४६ दिसणार. मुंबईतल्या कुणाच्या आकड्याशी आपला आकडा ताडताना हा फरक धरा. दुसरं, मॅप सेन्सरची स्वतःची मर्यादा. २.५ बारचा सेन्सर २.५ च्या वर काहीच सांगत नाही. मोठा टर्बो लावून सेन्सर जुनाच ठेवला तर लॉगमध्ये रेघ वर जाऊन सपाट होते, आणि ईसीयू आंधळेपणाने डिझेल टाकते किंवा घाबरून बंद करते.

गळती शोधायची ती दाब भरून. इंजिन चालू ठेवून कानाने शोधणं म्हणजे वेळ घालवणं.

१. एअर फिल्टरनंतरचा पाइप काढून टर्बोच्या तोंडाला मापाचं पीव्हीसी एंड कॅप बसवा, त्यात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह. कॅप क्लॅम्पने आवळा आणि समोर उभं राहू नका.

२. ऑइल भरायचं झाकण उघडं ठेवा. कुठला तरी इनटेक व्हॉल्व्ह उघडा असतो, हवा रिंगांवरून क्रँककेसमध्ये उतरते. झाकण बंद असेल तर तिथले सील फुगतात.

३. रेग्युलेटर लावून १ बारपासून सुरू करा, १.५ च्या वर नको. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरला रेग्युलेटर नसतो, टाकीत ८ बारच्या आसपास दाब असतो. तो थेट लावलात तर इंटरकूलरची टाकी उघडेल.

४. साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर, होजच्या खालच्या बाजूला, इंटरकूलरच्या प्लास्टिक टाकीच्या कडेला, मॅनिफोल्डच्या गॅस्केटला, ईजीआरच्या (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात आणणाऱ्या नळीच्या) जोडाला. डिपस्टिकच्या नळीतून येणारी फुसफूस वेगळी. ती थोडी असतेच.

जिथे काळपट तेलाचा ओघळ दिसतो तिथे आधी बघा. क्रँककेसची वाफ टर्बोतून जाते, होजच्या आत तेलाचा पातळ थर बसतो, आणि पेचाच्या साध्या क्लॅम्पखालून होज हळूहळू सरकत जातो. उभ्या गाडीत तो बसलेला दिसतो, दीड बारला सुटतो. पाइप आणि होज दोन्ही ब्रेक क्लीनरने कोरडे पुसा, टी-बोल्ट क्लॅम्प लावा, पाइपच्या टोकाला उंचवटा नसेल तर वेल्डिंगचे चार ठिपके मारून घ्या.

गळती नाही, तरी बूस्ट उशिरा भरतो, तर टर्बोच्या व्हेरिएबल जॉमेट्रीच्या (एक्झॉस्टची वाट लहान-मोठी करणाऱ्या) पात्यांत काजळी अडकली असेल. अ‍ॅक्च्युएटरचा दांडा इंजिन बंद असताना हाताने किंवा व्हॅक्यूम पंपाने या टोकापासून त्या टोकापर्यंत हलवा. मध्ये कुठे अडखळला तर टर्बो उतरवून साफ करायचा. व्हॅक्यूमची बारीक नळी चिरलेली असली तरी लक्षणं तीच. ती नळी काही रुपयांत येते, म्हणून आधी ती बदला. दांड्याची लांबी फिरवून बूस्ट वाढवणं टाळा. आज वाढतो, उद्या पी०२३४ (बूस्ट जास्त झाल्याचा कोड) येतो. टर्बोचा शाफ्ट बोटाने बाजूला किंचित हलला तर चालतो, ऑइल असल्यावर ती जागा भरते. पुढे-मागे हलला किंवा पातं घराला घासल्याची चकाकी दिसली तर मात्र मिस्त्री बरोबर होता.

लॉगमध्ये बूस्ट मागितला तेवढा आहे आणि तरी वेग पडतो, तर रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब, बघा. मागितलंय १६०० बार, मिळतंय १४००, आणि फरक आरपीएमबरोबर वाढतोय, तर आधी डिझेल फिल्टर, मग टाकीकडून येणारी नळी, मग पंप.

काळा धूर म्हणजे ताकद, हा समज सोडा. हवा-डिझेलचं प्रमाण १८ च्या खाली गेलं की धूर दिसायला लागतो, आणि तिथून पुढचं डिझेल मुख्यतः एक्झॉस्ट तापवतं. टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये, तापमानाचा प्रोब लावा. ७०० अंश सेल्सियस ही ओढ चालू असतानाची मर्यादा धरा, ७५० क्षणभर. टर्बोनंतर लावलेला प्रोब बराच कमी दाखवतो आणि खोटा दिलासा देतो. बीएस-६ गाडीत हाच धूर डीपीएफमध्ये (एक्झॉस्टची काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) साठतो, मागचा दाब वाढतो आणि आठवड्यात गाडी आधीपेक्षा मंद होते.

हवामानाचाही हिशोब आहे. जानेवारीच्या पहाटे १० अंशांत आणि एप्रिलच्या दुपारी ४० अंशांत हवेच्या घनतेत जवळजवळ १० टक्के फरक पडतो. थंडीत लावलेला मॅप उन्हाळ्यात धूर ओकतो, त्यात मॅपची चूक नसते. रांगेत उभं असताना बॉनेट उघडा ठेवा, इंटरकूलरवर ओलं फडकं चालेल, पण सुटण्याआधी ते काढायचं कुणाचं काम, हे आधी ठरवा.

क्लच आणि सुटणं

पकड सुधारली की पुढची पाळी क्लचची. रिकाम्या पट्ट्यावर चौथ्या गिअरला ४० च्या वेगाने जात असताना पूर्ण पाय दाबा. आरपीएमचा काटा वर पळाला आणि वेग तसाच, तर प्लेट घसरतेय. टॉर्क ३२० वरून ४२० केला असेल तर प्रेशर प्लेटही त्याच पटीत हवी. सिरॅमिक बटणाची प्लेट धरते, पण झटक्यात. तोच झटका पाट्यांना मिळतो आणि बसलेल्या उड्या परत येतात. रस्त्यावरही चालणाऱ्या गाडीला ऑर्गेनिक प्लेट आणि जड प्रेशर प्लेट बरी.

उभ्या गाडीत बूस्ट भरत नाही, कारण लोड नसतो, आणि बऱ्याच गाड्या उभ्या असताना आरपीएमही एका मर्यादेवर अडवतात. मोठ्या टर्बोला हे जास्त जाचतं. १८०० ते २२०० च्या दरम्यान धरून ठेवा, क्लच एका सेकंदात, फेकून न देता, सोडा, आणि पूर्ण सोडल्यानंतरच पाय तळाला न्या. दुसरा गिअर लवकर टाका, कारण पहिला असाही घसरण्यातच जातो. गिअर बदलताना फडफड असा आवाज आला तर कॉम्प्रेसर सर्ज करतोय (दाबलेली हवा उलटी येतेय), टर्बो इंजिनाला मोठा होतोय.

धाव संपल्यावर एक-दोन मिनिटं आयडल ठेवून मग बंद करा. लगेच बंद केलं की टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल तिथेच जळून कोळसा होतं.

शाफ्टला सेफ्टी लूप हवाच: ६ मिमी जाड, ५० मिमी रुंद लोखंडी पट्टी, पूर्ण गोल, पुढच्या क्रॉसपासून १५० मिमीच्या आत, चॅसीला बोल्टने. क्रॉस तुटला तर शाफ्टचं पुढचं टोक जमिनीत रुतून गाडी उचलली जाते, तेव्हा हीच पट्टी मध्ये असते. आणि हे सगळं तपासायला मुंबई-आग्रा हायवे किंवा गंगापूर रोड वापरू नका. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १८९ रस्त्यावरच्या शर्यतीला आणि कलम ५२ गाडीत परवानगीशिवाय केलेल्या बदलाला लागू होतं, आणि अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेअर पहिलं बघतो ते बॉनेटखालचं सामान.